पसंतीक्रमाची परीक्षा

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, अशी आपली समजूत असते. मुंबईच्या उपनगरांत निकालाच्या सुमारास आणखी एक परीक्षा सुरू होते. तिचा अभ्यासक्रम कुठे छापलेला नसतो आणि ती मुलाबरोबर सगळे घर देते. पेपर अवघ्या दहा ओळींचा असतो. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशअर्जाचा दुसरा भाग, म्हणजेच पसंतीक्रम, हा तो पेपर. बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत त्या आठवड्यात एकच प्रश्न ऐकू येतो : ‘पहिलं कुठलं टाकलंस?’

वरवर पाहता हा प्रश्न आवडीनिवडीचा आहे. जे कॉलेज सर्वांत जास्त हवे ते पहिले लिहावे, त्याखालोखाल हवे ते दुसरे. यात अवघड काय? पण ज्या घरात मूल दहावीला होते त्या घराला विचारा. ‘मिळणारच नाही ते पहिलं टाकून जागा कशाला वाया घालवायची?’, ‘पहिलं मिळालं तर घ्यावंच लागेल हं’, ‘गेल्या वर्षीचा कटऑफ पाहून टाका’ असे सल्ले चारी बाजूंनी येतात. मुलाला काय हवे हा प्रश्न मागे पडतो आणि काय लिहिले म्हणजे काय पदरात पडेल, याचा हिशेब सुरू होतो.

हा हिशेब करावा लागतो तो मुलांच्या किंवा पालकांच्या स्वभावामुळे नव्हे, नियमांच्या रचनेमुळे, असे माझे म्हणणे आहे. अर्थशास्त्रात जुळणीचा सिद्धांत नावाची एक शाखा गेल्या साठ वर्षांत वाढली आहे. पैशाने विकत घेता येत नाहीत अशा गोष्टी कोणाला कशा मिळाव्यात, याचा ती विचार करते. अर्थशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. या विषयावरचे निबंध मी शब्दकोश शेजारी ठेवून, कागदावर आकृत्या काढत वाचले. त्यांच्या उजेडात आपल्या दहा ओळी वाचल्या की काय दिसते, ते इथे मांडतो.

रांगेकडून यादीकडे

२००९ साली मुंबई महानगर प्रदेशात अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. त्याआधीचा जून ज्यांना आठवतो त्यांना त्या पद्धतीचे महत्त्व सांगायला नको. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा. सकाळी माटुंग्याला रुईयाच्या रांगेत, दुपारी विद्याविहारला सोमय्यात, तिथून मुलुंडला वझे-केळकरमध्ये, अशी वणवण असे. पश्चिम रेल्वेवरच्या मुलांची तीच गत पार्ले ते कांदिवली. मग याद्या लागत. भरपूर गुणांच्या मुलाचे नाव पाच कॉलेजांच्या यादीत असे, बसणार मात्र तो एकाच ठिकाणी. उरलेल्या चार जागा तो सोडेपर्यंत अडून राहत आणि मागचे मूल ताटकळत राही. कुठेतरी पैसे भरून जागा अडवून ठेवायची, दुसरीकडे नाव लागले की पहिले रद्द करायचे, ही ज्याला परवडे त्याची सोय होती.

एकच अर्ज, एकच गुणवत्ता यादी आणि एका वेळी एकच जागा हे तीन बदल झाल्याने ही अडवणूक बरीच थांबली. २०२५-२६ पासून तर ही पद्धत संपूर्ण महाराष्ट्राला लागू झाली.

या वर्षांत वाद झाले ते बहुतेक एकाच मुद्द्यावर, रांगेत पुढे कोण? एसएससीच्या मुलांना आयसीएसई आणि सीबीएसईच्या मुलांशी कसे तोलायचे? २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र आले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली नव्वद टक्के जागा एसएससीला राखण्याचा निर्णय झाला, तोही टिकला नाही. २०१० साली ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयाने रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी सीईटी ठरली. ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली.

हे सगळे खटले गुणांचे, म्हणजे रांगेतल्या क्रमाचे होते. प्रवेशाच्या यंत्रात मात्र दोन गोष्टी जातात. एक गुण आणि दुसरी मुलाने लिहिलेली यादी. गुण कसे मोजायचे यावर आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो. यादी कशी वाचायची, या नियमावर तेवढा वाद घातल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

बासष्ट सालचा निबंध

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी एका अमेरिकी गणितविषयक मासिकात छोटा निबंध लिहिला. त्याचा विषय होता कॉलेजप्रवेश आणि विवाहाचे स्थैर्य. शीर्षक ऐकून आपल्याकडचे वधूवर सूचक मंडळ डोळ्यांसमोर येईल, आणि ते अगदी चुकीचे नाही. दोन बाजू आहेत, प्रत्येकाच्या मनात दुसऱ्या बाजूच्यांचा एक क्रम आहे. अशा वेळी जोड्या कशा लावाव्यात म्हणजे त्या टिकतील?

टिकणे याचा अर्थ त्यांनी नेमका बांधला. एखादी विद्यार्थिनी आणि एखादे कॉलेज असे सापडता कामा नये की तिला मिळालेल्या कॉलेजपेक्षा ते अधिक हवे आहे, आणि त्या कॉलेजलाही आपण घेतलेल्या एखाद्या मुलापेक्षा ती अधिक चालली असती. अशी जोडी सापडली तर त्या वाटपात कोणाला तरी ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे सकारण म्हणता येते. अशी एकही जोडी नसलेल्या वाटपाला स्थिर जुळणी म्हणतात.

तिच्याकडे जाण्याची त्यांची रीत सोपी आहे. प्रत्येक मूल आपल्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजकडे अर्ज करते. कॉलेज आपल्या जागांइतकी वरच्या गुणांची मुले तात्पुरती धरून ठेवते, बाकीच्यांना नाकारते. नाकारलेली मुले आपल्या पुढच्या पसंतीकडे जातात. तिथले कॉलेज आधी धरलेली आणि नव्याने आलेली मुले एकत्र तोलते आणि पुन्हा वरची धरते. कोणालाच नवा नकार मिळेनासा झाला की थांबायचे. तोवर कोणतीही जागा पक्की नाही, आणि रीतीची सगळी ताकद या तात्पुरतेपणात आहे.

पुढे १९८१-८२च्या सुमारास सिद्ध झाले की या रीतीत अर्ज करणाऱ्याला खोटी यादी लिहून काहीच फायदा नसतो. तिकडे अमेरिकेतील शिकाऊ डॉक्टरांच्या नेमणुकांसाठी १९५२ पासून जवळजवळ हीच रीत चालू होती, हे अॅल्विन रॉथ यांनी १९८४ साली दाखवले. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल २००८ सालीच वारले होते.

बाजारची चिठ्ठी

अकरावीचे प्रवेश या रीतीचे सगळ्यांत साधे रूप आहे, कारण सगळी कॉलेजे एकाच मापाने मोजतात. दहावीचे गुण हेच ते माप. आरक्षण आणि कोटे क्षणभर बाजूला ठेवले तर यंत्र एवढेच करते : सर्वांत जास्त गुणांच्या मुलाची यादी घ्यायची, त्याला त्यातले पहिले द्यायचे. मग दुसऱ्याची यादी घ्यायची आणि वरून खाली येत जिथे जागा शिल्लक असेल ते पहिले द्यायचे. असे शेवटच्या मुलापर्यंत.

यंत्र म्हणजे आपण बाजारात पाठवलेला प्रामाणिक माणूस समजा. चिठ्ठीत लिहिले आहे, ‘हापूस असेल तर हापूस, नाही तर पायरी, तीही नसेल तर केशर.’ तो बाजारात केव्हा पोचणार हे आपल्या गुणांवर ठरलेले आहे. पोचेल तेव्हा काय शिल्लक असेल, हे त्याच्या आधी गेलेल्यांवर ठरलेले आहे. आपल्या चिठ्ठीने या दोन्ही गोष्टी बदलत नाहीत. हापूस महाग आहे, संपला असेल, म्हणून चिठ्ठीत पायरी वर लिहिली तर एवढेच होईल की हापूस असूनही तो पायरी घेऊन येईल.

म्हणून एक गैरसमज आधी दूर करायला हवा. पुष्कळ पालकांना वाटते की एखादे कॉलेज पहिले लिहिले तर ते मिळण्याची शक्यता वाढते, आणि तिसरे लिहिले तर ते कॉलेज ‘आम्हाला तिसरं ठेवलंस’ म्हणून मागे टाकते. तसे होत नाही. ८८ टक्क्यांच्या मुलीने एखादे कॉलेज सातवे लिहिले आणि ८७ टक्क्यांच्या मुलाने तेच पहिले लिहिले, तरी वरची सहा न मिळाल्यास तिथे आधी तिचाच हक्क.

हा समज अगदीच आकाशातून पडलेला नाही. जगात खरोखरच तशा पद्धती होत्या. बोस्टन शहरातल्या सरकारी शाळा आधी पहिली पसंती देणाऱ्यांनाच जागा वाटत, उरल्या तर दुसरी पसंतीवाल्यांना. तिथे पहिली पसंती चुकली की दुसरी शाळा तोवर भरलेली असे. जाणत्या पालकांचे गट बैठका घेऊन कोणती शाळा पहिली लिहू नये हे एकमेकांना सांगत. ज्यांना कोणी सांगणारे नव्हते ते खरी आवड लिहीत आणि फसत. २००३ साली अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तैफून सोन्मेझ या अर्थशास्त्रज्ञांनी या दोषावर बोट ठेवले आणि २००५ साली बोस्टनने पद्धत बदलली. बदलताना तिथे पुढे आलेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या पद्धतीत हुशारीने यादी लिहावी लागते, ती पद्धत माहितीच्या वर्तुळाबाहेरच्या कुटुंबांना शिक्षा करते.

मुंबईच्या यंत्राचा गाभा बोस्टनच्या जुन्या पद्धतीसारखा नाही, तो चांगला आहे. तरीही आपले पालक बोस्टनच्या पालकांसारखे का वागतात? त्या गाभ्याभोवती आपण बसवलेल्या नियमांत याचे उत्तर आहे. ते वर्षागणिक थोडे बदलतात. इथे २०२५चे धरून बोलतो.

दहाच ओळी

पहिला नियम असा की यादीत किमान एक आणि कमाल दहा पसंती. महानगर प्रदेशातल्या शेकडो कॉलेजांत शाखा, माध्यम आणि अनुदानित-विनाअनुदानित असा प्रत्येक पर्याय वेगळा मोजला जातो. त्यांतले दहाच लिहायचे.

वरच्या गुणांच्या मुलाला दहा पुरतात. तळाच्या मुलालाही एका अर्थी पुरतात, कारण त्याची आशाच मोजकी असते. कोंडी होते ती ८० ते ९२ टक्क्यांच्या मुलांची. त्यांना हवीशी वाटणारी वीस कॉलेजे असतात आणि त्यांतली कोणती मिळतील याचा भरवसा नसतो. दहाही वरची लिहिली तर हाती काहीच न लागण्याची भीती, दहाही खालची लिहिली तर मिळू शकणारे कॉलेज आपल्याच हाताने सोडल्याची. बाजारच्या चिठ्ठीत दहाच फळे लिहिता आली तर ‘हापूस मिळेल का?’ हा विचार करणे भाग पडते. गीयॉम हेरिंगर आणि फ्लिप क्लेन यांनी २००९ साली हे सूत्रबद्ध मांडले : यादीची लांबी बांधली की खरी आवड लिहिणे हा बिनधोक मार्ग उरत नाही.

मुलुंडमध्ये एका वाचनालयात काही वर्षे मी जूनमध्ये मुलांना हे अर्ज भरायला मदत करतो. तिथे दोन प्रकारच्या याद्या दिसतात. सोसायट्यांतल्या मुलांच्या यादीत साधारण तीन स्वप्ने, चार बेताची, तीन खात्रीची अशी उतरंड असते. कोणा मामाने नाहीतर क्लासवाल्याने ती लावून दिलेली असते. ज्यांच्या घरात अकरावीत जाणारे हेच पहिले मूल, त्यांच्या यादीत पुष्कळदा दहाही कॉलेजे घराजवळची आणि खात्रीची असतात. नव्वदच्या पुढे गुण मिळवलेल्या मुलींनीही अशी यादी आणलेली मी पाहिली आहे. ‘हे का नाही लिहिलं?’ विचारले की उत्तर येते, ‘आम्हाला कुठे मिळणार ते?’ या मुलीला ते कॉलेज नाकारत नाही, तिचे गुणही आड येत नाहीत. नकार तिने आपला आपणच देऊन ठेवलेला असतो, आणि दहाच ओळींचा नियम त्या संकोचाला शहाणपणाचे रूप देतो.

पहिल्या पसंतीची सक्ती

दुसरा नियम पहिल्या पसंतीचा. यादीतले पहिले कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून ते मूल बाद होते. दुसरे ते दहावे मिळाले तर मोकळीक आहे, घ्या किंवा सोडून पुढच्या फेरीची वाट पाहा.

या नियमामागे हेतू आहे. मिळालेली जागा उगीच सोडणाऱ्यांमुळे फेऱ्या लांबतात, वर्ग उशिरा सुरू होतात. पण परिणाम पाहा. यादी भरताना मुलाला सगळी माहिती नसते. निकाल लागल्यावर कळते की ती तुकडी स्वयंअर्थसहाय्यित आहे आणि शुल्क अनुदानित तुकडीच्या कितीतरी पट आहे. घराला ते झेपत नाही, आणि सोडले तर नियमित फेऱ्या बंद. म्हणून एक सल्ला उपनगरांत फिरतो : मिळणे शक्यच नाही असे एखादे कॉलेज पहिले लिहून ठेवा, म्हणजे सक्ती लागू होणार नाही. तर्काने सल्ला बरोबर आहे. दहातली एक ओळ ढालीसाठी खर्च होते, एवढीच त्याची किंमत.

आता सरकार दरवर्षी जाहीर करते ते आकडे आठवा. २०२५च्या पहिल्या फेरीत राज्यभरात सुमारे सहा लाख बत्तीस हजार विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या आणि त्यांतल्या साडेचार लाखांहून अधिक जणांना पहिली पसंती मिळाली. हे यश म्हणून सांगितले जाते. पण ज्याने भीतीपोटी खात्रीचे कॉलेज पहिले लिहिले त्यालाही पहिली पसंती ‘मिळाली’, आणि ज्याने ढाल म्हणून अशक्य कॉलेज लिहिले त्याला ‘मिळाली नाही’. यादी मनाची असेल तर हा आकडा समाधान मोजतो. यादी हिशेबाची असेल तर मुलांनी अंदाज किती बरोबर बांधला, एवढेच तो मोजतो.

फेऱ्यांतला अन्याय

सगळ्यांत खोल दोष फेऱ्यांत आहे. समजा मुलुंडच्या एका मुलीला ८९ टक्के आहेत. पहिल्या फेरीत तिला चौथी पसंती मिळाली. घ्यावी की थांबावे? घेतली तर पुढच्या फेऱ्या बंद. थांबली तर हातातली जागा गेली, आणि दुसऱ्या फेरीत कटऑफ उतरेलच असे नाही, तो चढल्याचीही उदाहरणे आहेत. घरातल्यांनी सल्ला दिला, हातचे सोडू नये. तिने प्रवेश घेतला.

भांडुपच्या एका मुलाला ८७ टक्के. त्याला पहिल्या फेरीत काही मिळाले नाही, किंवा मिळाले ते त्याने सोडले. दरम्यान मुलीच्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजातले काही विद्यार्थी डिप्लोमाला गेले, काहींनी कोट्यातून दुसरीकडे प्रवेश घेतला. जागा मोकळ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत तो मुलगा तिथे पोचला. आता ८९ची मुलगी आपल्या चौथ्या पसंतीत आहे आणि तिच्या पहिल्या पसंतीत ८७चा मुलगा. गेल आणि शॅप्ली यांनी जिला अस्थिर म्हटले ती हीच जोडी. मुलाने काही लबाडी केलेली नाही. मुलीने सावधपणा केला आणि सावधपणाचाच दंड भरला.

यावर उपाय देशातच चालू आहे. आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश २०१५ पासून एकत्र होतात. तिथे कितीही पर्याय लिहिता येतात. मिळालेली जागा स्वीकारूनही ‘फ्लोट’ निवडता येते, म्हणजे ही जागा माझी राहू दे, पण पुढच्या फेरीत यादीतले वरचे मोकळे झाले तर मला तिकडे हलवा. वरचे मिळाले की खालची जागा आपोआप दुसऱ्यासाठी सुटते. बासष्टच्या निबंधातला तात्पुरता स्वीकार तो हाच. हाताशी काही राखून वरची आशा ठेवता आली तर जुगार उरत नाही.

उलट टोकाचा प्रयोगही आपण केला आहे. काही वर्षे नियमित फेऱ्यांनंतर ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ अशी फेरी झाली. तिथे कोणाकडे वेगवान इंटरनेट आहे आणि सकाळी कामावर न जाता कोण संगणकापुढे बसू शकतो, यावर जागा ठरतात. २००९ साली दारावरची जी रांग मोडली होती, ती पडद्यावर पुन्हा उभी राहिली.

माहिती कोणाकडे?

आजवर मी आवड ही तयार, पक्की गोष्ट धरून बोललो. प्रत्यक्षात पंधरा वर्षांच्या मुलाची आवड माहितीतून घडते. जून २०१४मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरच्या मुलांच्या यादीत अंधेरी-पार्ल्याची कॉलेजे सहज येऊ लागली. कॉलेजे तीच, मुले तशीच. दादरला गाडी बदलण्याचा वळसा वाचला आणि पसंतीक्रम बदलला.

माहितीचा मुख्य तुकडा म्हणजे गेल्या वर्षीचा कटऑफ. तो किती भरवशाचा? दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले आणि तो ७७.१० वर आला. २०२० साली ते परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. २०२१ साली परीक्षेविना ९९.९५. या वर्षांत आदल्या वर्षीच्या कटऑफवरून यादी लिहिणारा पालक जुन्या वेळापत्रकावर गाडी पकडायला निघालेला माणूस होता.

कटऑफचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. कॉलेज चांगले म्हणून कटऑफ वर, की कटऑफ वर म्हणून कॉलेज चांगले? अभिजित बॅनर्जी, ज्यांच्या आई मराठी, त्यांनी १९९२ साली झुंडीच्या वागण्यावर एक निबंध लिहिला. शेजारी शेजारी दोन उपाहारगृहे आहेत. पहिले दोघे एकात शिरले की तिसरा आपल्या मनातला अंदाज बाजूला सारून त्यांच्या मागे जातो, चौथा तिघांच्या मागे. प्रत्येक जण शहाण्यासारखाच वागतो, आणि सगळे मिळून चुकीच्या खानावळीत बसलेले असू शकतात, कारण तिसऱ्यापासून पुढे कोणी स्वतःची माहिती वापरलेलीच नाही. आपल्या याद्या बऱ्याच अशा बनतात. शिक्षक कसे आहेत, प्रयोगशाळा चालू आहे का, हे कोणी पाहिलेले नसते. सगळे एकमेकांचे कटऑफ पाहत असतात. त्यात खासगी क्लासशी जोडलेली ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजे मिळवा, जिथे नाव कॉलेजात आणि मूल क्लासमध्ये. मग यादीतले नाव नेमक्या कोणत्या जागेचे आहे, हाही प्रश्नच.

२०२५ साली राज्यात अकरावीच्या जागा अर्जदारांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. टंचाई होती ती त्याच त्या मोजक्या नावांची, आणि त्यातली काही आपल्याच एकमेकांकडे पाहण्यातून तयार झालेली. शिवाय अल्पसंख्याक संस्थांतल्या ५० टक्के, संस्थांतर्गत १० टक्के आणि व्यवस्थापनाच्या ५ टक्के जागा कोट्यांच्या असतात. त्यांचे कायद्यातले स्थान वेगळे आणि तो वादही वेगळा. इथे इतकेच की या वाटाही ज्याला आधी माहीत, त्यालाच आधी उपयोगी पडतात.

काय करता येईल

तीन बदल सुचतात. एक, यादीवरची दहाची मर्यादा काढावी. संगणकाला दहा आणि शंभर यांत फरक पडत नाही. दोन, पहिल्या पसंतीची सक्ती सोडून मिळालेली जागा राखून आपोआप वर सरकण्याची सोय द्यावी. फेऱ्या लांबू नयेत हा सरकारचा हेतूही त्याने अधिक चांगला साधेल, कारण वाट पाहण्यासाठी जागा सोडावी लागणार नाही. तीन, अर्जाच्या पडद्यावर प्रत्येक पर्यायापुढे कटऑफइतक्याच ठळक अक्षरांत शुल्क, अनुदानाचा प्रकार आणि वर्ग प्रत्यक्ष भरतात की नाही हे द्यावे.

हे होईपर्यंत पुढच्या जूनमध्ये ज्यांच्या घरी दहावीचे मूल आहे त्यांच्यासाठी सिद्धांतातून निघणारी एक गोष्ट सांगतो. दहा कोणती निवडायची, यात हिशेब करावा लागेल, त्याला सध्या इलाज नाही. तो करताना एकदोन ओळी ‘आम्हाला कुठे मिळणार’ वाटणाऱ्या कॉलेजांसाठी जरूर ठेवा, आणि तळाशी एकदोन खात्रीची. शुल्क आधी विचारून घ्या. पण दहा ठरली की त्यांचा आपसातला क्रम मनासारखाच लावा. निवडलेल्या दहांत खालचे वर नेऊन आजवर कोणाच्या गुणांत भर पडलेली नाही.

यादीचे काम मुलाची इच्छा सांगणे हे आहे. ती कितपत पुरी होईल हे पाहण्यासाठी यंत्र आहे, आणि बासष्ट सालापासून ते काम चोख करण्याची रीतही आपल्याला माहीत आहे. ते काम पंधरा वर्षांच्या मुलांवर टाकले की ज्यांना सल्ला देणारे आहेत ती निभावून नेतात. ज्यांना कोणी नाही ती आपली इच्छाच आधी लहान करून लिहितात. कागदावर मात्र दोघांनाही पहिली पसंती मिळालेली दिसते.